डास चावून घेणारी माणसं

अमेरिकेहून परत आल्यावर आमच्या गल्लीत पहिला प्रश्न नायगराचा असतो. पाहिला का? नाही पाहिला. मग न्यूयॉर्क? तेही नाही. मग इतके दिवस केलं काय, असं शेजारीण विचारते. मी पिवळ्या तापाची पत्रं वाचली, असं सांगितलं की ती माझ्याकडे जरा वेळ बघते आणि विषय बदलते.

म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझ्याविषयी थोडं. मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. अख्खी नोकरी तापाच्या वॉर्डात गेली. स्वभावानं संशयी आहे, आणि नोकरीनं तो स्वभाव वाढवलाच. सलाईनच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय ती मी कधी लावली नाही. नातेवाईक म्हणाले, "सकाळीच गोळी दिली," तरी मी उशीखाली हात घालून बघायचे. बहुतेक वेळा गोळी तिथेच सापडायची.

माझी मुलगी प्रज्ञा नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहते. कॉम्प्युटरचं काम करते. लग्न केलेलं नाही, तो विषय मी सोडून दिला आहे. मी निघायच्या थोडं आधी एका व्हिडिओ कॉलवर तिनं मध्येच विचारलं, "आई, मला लहानपणी मलेरिया झाला होता का गं?"

"नाही. का?"

"असंच."

'असंच' विचारण्यातला हा प्रश्न नव्हे. मी बॅग भरताना त्यावर विचार करत होते आणि विमानात बसल्यावरही करत होते.

मॉरिसव्हिल

मॉरिसव्हिल हे गाव आहे की नुसत्याच सोसायट्या आहेत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळीकडे उंच सरळ चिडाची झाडं, त्यांच्यामधून गुळगुळीत रस्ते, आणि रस्त्याच्या कडेला एकसारखी घरं. वसंतात त्या झाडांचा पिवळा पराग इतका उडतो की गाडीवर बोटानं नाव लिहिता येतं. किराणा दुकानात मात्र वऱ्हाडी तिखट सोडून सगळं मिळालं. तिथल्या लोणच्याच्या रांगेत मराठी, तेलुगू, गुजराती अशा सगळ्या भाषांतल्या बायका बरण्या उलट्यासुलट्या करून तारखा वाचत होत्या. मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

प्रज्ञाच्या घरात पाऊल ठेवलं तेव्हाच मला तिच्या हाताच्या खळगीत चिकटपट्टी दिसली.

"रक्त दिलंस?"

"रूटीन चेकअप, आई."

काही दिवसांनी दुसऱ्या हाताला तशीच पट्टी. रूटीन चेकअप दोन्ही हातांचं वेगवेगळं करतात का, असं मी विचारलं. ती हसली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली. फोन आला की ती बाल्कनीत जाऊन बोलायची. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर काही तारखांना नुसता हिरवा ठिपका होता, शेजारी एक अक्षर नाही. माझ्या डोक्यात जे जे येत होतं ते इथे लिहीत नाही. कुठल्याही आईच्या डोक्यात येईल तेच येत होतं, आणि मी सिस्टर असल्यामुळे त्याला आजारांची नावंही होती.

रविवारी ती मला कुंदाकाकूंकडे घेऊन गेली. नागपूर, अमरावती, औरंगाबादकडची आपली मंडळी महिन्यातून एकदा त्यांच्या दिवाणखान्यात वंदनेला जमतात. मुलं इंग्रजीत भांडत होती आणि वंदना सुरू होताच खड्या पालीत म्हणू लागली. नंतर खीर झाली. कुंदाकाकू माझ्या वाटीत दुसरा डाव घालत म्हणाल्या, "ताई, तुमच्या प्रज्ञाचं फार कौतुक वाटतं हो. एवढं धाडस आमच्यात कुणी केलं नसतं."

"कसलं धाडस?"

काकूंनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञानं डोळे मोठे केले. काकू म्हणाल्या, "म्हणजे... एकटी राहते ना इथे."

मी खीर संपवली. चव कशी होती ते आठवत नाही.

घरी येताना गाडीत प्रज्ञा म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी घेते. व्हर्जिनियाला जाऊ. तिथल्या एका विद्यापीठात जुनी पत्रं ठेवलीत, पिवळ्या तापाच्या रिसर्चची. तुला आवडतील. आणि त्या रिसर्चमधल्या व्हॉलंटियर्सचा सन्मान म्हणून कार्यक्रमही आहे."

जिनं शाळेत इतिहासाचं पुस्तक कधी पूर्ण उघडलं नाही, ती मला पत्रं दाखवायला दुसऱ्या राज्यात नेणार होती. मी म्हटलं, "चल." ज्याच्यावर संशय आहे त्याच्याबरोबर राहिलं की कधी ना कधी कळतं.

वाटेवर

व्हर्जिनियात शिरलं की जमीन हळूहळू चढू लागते. तंबाखूची जुनी लाकडी कोठारं, त्यांच्यावर चढलेल्या वेली, आणि लांबवर निळसर डोंगर. तो निळा रंग धुराचा असेल असं मला वाटलं. प्रज्ञा म्हणाली, लांबून ते डोंगर तसेच दिसतात. मी काच खाली करून वास घेतला. धूर नव्हता.

दुपारी एका रस्त्याकडेच्या खानावळीत थांबलो. वाढणारी बाई माझ्याच वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली. ती मला 'हनी' म्हणाली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. प्रज्ञा म्हणाली, "इथे सगळ्यांनाच म्हणतात, आई."

मक्याच्या कण्यांची लापशी आली, फोडणी नसलेल्या उपम्यासारखी. बिस्किट म्हणून जे आलं ते पावासारखं होतं आणि त्यावर ओतलेला पांढरा रस्सा. त्या रश्श्यात काय आहे ते मी तीनदा विचारलं, तेव्हा डुकराचं मांस आहे असं कळलं. मी रस्सा बाजूला सारून नुसता पाव खाल्ला, आणि खरं सांगायचं तर तो उत्तम होता, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ. त्या बाईनं न विचारता दुसरा आणून दिला. बिलात तो लावला असेल म्हणून मी बिल बघितलं. लावला नव्हता.

बिल वाचायला काढलेला चष्मा मी तिथेच टेबलावर विसरले. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही विद्यापीठाच्या दारात होतो.

वाचनकक्ष

ग्रंथालयातला हा विभाग जमिनीखाली आहे. आत जाताना पिशवी कुलपात ठेवायची, पेन न्यायचं नाही, हात धुऊन यायचं. माझ्या पिशवीतल्या चिवड्याच्या पुडीकडे तिथल्या बाईंनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी वॉर्डात लोकांच्या डब्यांकडे बघायचे. त्यांचं नाव मार्गारेट. पांढरे केस, सपाट बूट, हलका आवाज. माझ्यावर कुणी असा संशय घ्यावा हे मला आवडलं.

थोडक्यात हकिकत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सव्वाशेक वर्षांपूर्वी क्यूबात पिवळ्या तापानं माणसं पटापट मरत होती. अंगाला पिवळेपणा येई, काळी उलटी होई. रोग्याच्या कपड्यांतून, घाणीतून ताप पसरतो असं सगळे मानत. एक क्यूबन डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत होता की हे डासांचं काम आहे, त्याला लोक हसत. मग अमेरिकी सैन्याच्या डॉक्टरांनी ते पडताळायचं ठरवलं. जनावरांवर हे करता येत नव्हतं, म्हणून माणसं लागली. त्या डॉक्टरांतला एक जण त्यातच गेला. मग काही तरुण सैनिक पुढे आले, आणि स्पेनहून क्यूबात मजुरीसाठी नुकतीच उतरलेली काही माणसं. यांना व्हॉलंटियर म्हणतात. म्हणजे आपणहून पुढे आलेले.

'आपणहून' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवताना किती बायकांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं होतं, ते मी बघितलेलं आहे.

मार्गारेट यांनी एक करडी पेटी आणली. आत एकेक पत्र वेगळ्या कागदात ठेवलेलं. शाई तपकिरी झालेली, अक्षर उजवीकडे कललेलं. चष्म्याशिवाय मला ते सगळं मुंग्यांची रांग वाटत होतं. म्हणून प्रज्ञा वाचत होती आणि हळू आवाजात मराठीत सांगत होती. एका डॉक्टरनं बायकोला लिहिलेलं. एका सैनिकानं घरी लिहिलेलं, त्यात हवा, जेवण, एक हट्टी खेचर. कॅम्प बदलला आहे, नवी जागा छान आहे, काळजी करू नका.

मग त्याच सैनिकानं भावाला लिहिलेलं पत्र आलं. प्रज्ञा वाचत होती आणि मध्ये थांबली. मग पुढची ओळ सांगू लागली.

"काय गाळलंस?"

"काही नाही. अक्षर लागत नाही."

"आत्तापर्यंत लागत होतं."

मी हात वर करून मार्गारेट यांना बोलावलं आणि माझ्या इंग्रजीत विनंती केली की एवढा परिच्छेद वाचून दाखवा. प्रज्ञा पुटपुटली, "आई, प्लीज यार." मार्गारेट यांनी वाचलं. त्या मुलानं भावाला कळवलं होतं की मी डास चावून घेणार आहे आणि हे आईला सांगू नकोस.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती पेन्सिलीला टोक करत होती. टोक आधीच चांगलं होतं.

मी मार्गारेट यांना विचारलं, "आणि ते स्पॅनिश मजूर? त्यांची पत्रं कुठे आहेत?"

त्यांनी एका कराराची प्रत काढून वाचून दाखवली. स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत. मी आजारी पडू शकतो, मरूही शकतो, हे मला समजलं आहे, अशा अर्थाचं लिहिलेलं आणि खाली सही. मोबदला सोन्यात. त्यांची पत्रं जवळपास नाहीतच. पुढे अमेरिकेच्या संसदेनं सैनिकांना आणि डॉक्टरांना सुवर्णपदकं दिली. या मजुरांना नाही.

"ते काय सही करत होते, हे त्यांना खरंच कळलं असेल का?"

मला वाटलं, बाई आता संस्थेची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी इथे लागले तेव्हापासून मलाही हा प्रश्न पडतो."

त्या उत्तरानंतर मी त्यांच्यावरचा संशय काढून घेतला.

सन्मान

कार्यक्रम वरच्या मजल्यावर, लहानशा दालनात होता. काचेखाली फोटो, पत्रांच्या प्रती, एक पदक. शाल नाही, श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. एका प्राध्यापकानं थोडं बोलून नावं वाचली आणि लोक उभे राहिले. सगळं इतक्यात आटोपलं की आपल्याकडे तेवढ्या वेळात प्रमुख पाहुण्यांचा परिचयही झाला नसता. सैनिकांची नावं आधी आणि मग, मी कान देऊन ऐकत होते, स्पॅनिश नावंही आली. वाचणाऱ्याची जीभ तिथे अडखळली, पण त्यानं एकही गाळलं नाही.

चहाच्या टेबलाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ भेटले. नाव डेल, ओहायोहून आलेले. त्यांच्या आजीचा भाऊ त्या व्हॉलंटियर्समध्ये होता.

"त्यांना ताप आला होता?" मी विचारलं.

"नाही ना! तीच तर गंमत. तो दुसऱ्या झोपडीत होता."

दुसऱ्या झोपडीची गोष्ट मला माहीत नव्हती. डेल यांनी सांगितली. एका झोपडीत डास सोडले होते. दुसरीत डास येऊ दिले नव्हते, पण तिथे पिवळ्या तापाच्या रोग्यांच्या चादरी, उशा, कपडे आणून टाकले होते, उलटीनं आणि रक्तानं माखलेले. त्या अंथरुणावर ही मुलं रात्रीमागून रात्री झोपली. कुणीही आजारी पडलं नाही. म्हणजे ताप घाणीतून येत नाही, हे सिद्ध झालं.

"घरात सगळे त्याची थट्टा करायचे," डेल म्हणाले. "म्हणायचे, झोपून पदक मिळवणारा हाच एक."

मी हसले नाही. तो वास मला माहीत आहे. वॉर्डात ती चादर हातभर लांब धरून बादलीत टाकताना नव्या मुली बाहेर पळत जायच्या. त्या चादरीवर झोपायचं, आणि सगळं जग म्हणतं की याच्यानंच मरतात. मी डेल यांना म्हटलं, "तुमच्या आजीचे भाऊ सगळ्यात शूर. डास चावला की संपलं. चादर रात्रभर असते."

त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अनोळखी पुरुषानं हात धरलेला मला एरवी चालत नाही.

प्रज्ञा शेजारीच होती. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, ही आता सांगेल. तिनं सांगितलं नाही.

परत त्याच खानावळीत

दुसऱ्या दिवशी परतताना चष्म्यासाठी थांबलो. त्या बाईनं तो कागदी रुमालात गुंडाळून, वर 'इंडियन लेडी' असं लिहून ठेवला होता. काचा पुसलेल्या होत्या. मी चष्मा लावला, प्रज्ञाला समोर बसवलं आणि विचारलं, "तू डास चावून घेणार आहेस का?"

ती बशीतल्या ॲपल पायकडे बघत होती. सफरचंदाचं सारण भरलेला, वर वितळणारं आइस्क्रीम.

"हो."

"कशाचे?"

"मलेरियाचे. लसीची ट्रायल आहे. ज्यांना लस दिली त्यांना इन्फेक्टेड डास चाववतात आणि लस चालते का ते बघतात. रोज रक्त तपासतात. पॅरासाइट दिसला की लगेच औषध. आई, हा बरा होणारा मलेरिया आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच विचारते. तुला लस कधी दिली?"

आइस्क्रीम बशीत उतरलं.

"प्रज्ञा, लस कधी दिली?"

"मला नाही दिली. मी कंट्रोल ग्रुपमध्ये आहे."

याचा अर्थ वाचकांना सांगायला हवा. डास खरंच ताप देतात की नाही, हे कळायला काही माणसं लस न दिलेली लागतात. त्यांना ताप यावा, अशीच अपेक्षा असते. तो आला नाही तर बाकीच्यांच्या न आलेल्या तापाला अर्थ राहत नाही. माझी मुलगी आजारी पडण्यासाठी निवडली गेली होती. आणि तिला हे माहीत होतं.

"नोकरी गेली का तुझी?"

"नाही."

"व्हिसाचं काही?"

"नाही, आई."

"पैसे?"

"पैसे मी घेत नाहीये."

"कुणी माणूस आहे का, ज्याच्यासाठी..."

"आई! कुणी नाही!" ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला प्रत्येक गोष्टीमागे दुसरं काहीतरी हवं असतं. मी जे ॲप बनवते ना, त्यानं लोक बर्गर मागवतात. वाईट काम नाही ते. पण तू रिटायर झालीस तेव्हा वॉर्डातला सफाईवाला रडला होता. मी सोडलं तर कोण रडणार? टेस्टिंग टीम? मला एकदा वाटलं, करावं काहीतरी. बस. एवढंच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस मला त्यात? म्हणून म्हटलं, आधी ही पत्रं दाखवावी. मग सांगावं. तिथे गेल्यावर धीर झाला नाही."

मला ते कारण पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. वाढणारी बाई आली, दोघींकडे बघितलं आणि बिल न ठेवता परत गेली.

उरलेल्या रस्त्यात मी एक वाक्य इंग्रजीत जुळवलं. मलेरिया आधी होऊन गेलेल्या माणसाला या ट्रायलमध्ये घेत नाहीत, हे प्रज्ञाच्या बोलण्यातून कळलं होतं. त्या व्हिडिओ कॉलवरचा प्रश्न त्यासाठीच होता. तिथल्या डॉक्टरांना मी फक्त एवढं म्हणायचं होतं: ही पाचवीत असताना हिला मलेरिया झाला होता. आई सांगते आहे, त्यातून सिस्टर. कोण नाही म्हणणार? घर येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोटत होते.

चिडाच्या झाडांमधली इमारत

ट्रायलचं केंद्र बाहेरून विम्याच्या ऑफिससारखं दिसतं. काचेची बैठी इमारत, पुढे चिडाची झाडं. प्रज्ञाला वाटलं नव्हतं की मी येईन. मी इस्त्रीची सुती साडी नेसून गाडीत आधीच बसले होते.

तिथल्या डॉक्टर अबेना मूळच्या घानाच्या. रुंद चेहरा, ठसठशीत बोलणं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "विचारा."

मी विचारलं. मुलगी एकटी राहते, रात्री शुद्ध हरपली तर कुणाला कळणार? ताप येण्याचे दिवस आले की तिला केंद्राजवळच्या हॉटेलात सगळ्यांबरोबर ठेवणार होते, सोबत नर्स. औषध लागू पडलं नाही तर? दुसरं तयार, त्यानंतर दवाखाना, त्याचा खर्च केंद्राचा. मध्येच नको वाटलं तर? डास चावेपर्यंत कधीही उठून जाता येईल, कारण सांगावं लागणार नाही. चावल्यानंतर मात्र औषध पूर्ण घ्यावंच लागेल. कागदावर हे आहे का? त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. मी चष्मा लावून सगळी वाचली. डॉक्टर घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या.

"तुम्हाला झाला होता का मलेरिया?" मी विचारलं.

"लहानपणी दर पावसाळ्यात. माझा धाकटा भाऊ त्यातच गेला." त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं. मग त्यांनी पेन उचललं. "आता मी विचारते. प्रज्ञानं लिहिलं आहे की तिला कधी मलेरिया झाला नाही. तुम्ही आई आहात. तुम्हाला काही वेगळं आठवतं?"

वाक्य तोंडात तयार होतं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, मला खात्री आहे. लहानपणापासून ती माझा चेहरा वाचते. तिनं ते माझ्यावर सोडलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मार्गारेट यांना मी विचारलं होतं, त्या माणसांना सही करताना खरं माहीत होतं का. इथे समोर कागद होता, त्यावर सगळं खरं लिहिलेलं होतं, आणि त्यात खोटं घालणारी मी एकटीच ठरले असते. शिवाय हेही खरं, की मी खोटं बोलले असते तर प्रज्ञानं मला माफ केलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

"नो," मी म्हटलं. "नेव्हर." आवाज जरा मोठाच निघाला.

पुढच्या वेळी मी डास पाहिले. पुठ्ठ्याचा लहान कप, तोंडाला जाळी. प्रज्ञानं त्यावर हात ठेवला आणि मान फिरवली. ज्या प्राण्याला मारण्यात माझी हयात गेली, तो माझ्या मुलीच्या हातावर पोट भरून घेत होता आणि मी शेजारी हात बांधून उभी होते. थोड्या वेळानं कप उचलला. हातावर लालसर गांधी उठल्या होत्या.

"या डासांत खरंच मलेरिया होता कशावरून?" मी विचारलं.

डॉक्टर अबेना म्हणाल्या, "आता एकेक डास चिरून मायक्रोस्कोपखाली बघणार. नसला तर पुन्हा चाववणार."

माझ्याहून संशयी माणसं जगात आहेत, हे पाहून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

ताप

डास चावल्यावर दीडेक आठवड्यानं, एका दुपारी ताप आला. तेव्हा आम्ही त्या हॉटेलात होतो आणि मी तिच्यासाठी इलेक्ट्रिक केटलमध्ये पेज करायचा प्रयत्न करत होते. ती उतू जाऊन गालिच्यावर सांडली. मी पुसत होते तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "आई, एसी बंद कर ना." एसी बंदच होता. मी वळून बघितलं तर तिचे दात वाजत होते.

सकाळच्या रक्तात पॅरासाइट सापडल्याचा निरोप त्याच सुमाराला आला. नर्स गोळ्या घेऊन आली. मी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन तारीख वाचली. नर्सनं काही मनावर घेतलं नाही. गोळ्या गिळल्यावर मी प्रज्ञाला तोंड उघडायला लावलं.

आधी थंडी, मग अंग भाजणारा ताप, मग घाम. हे सगळं मी हजारो माणसांत बघितलं आहे आणि त्यात नवं काही नव्हतं. फक्त ती माणसं कधी माझ्या पोटची नव्हती. पांघरुणं घातली, काढली, कपाळ पुसलं. तापात ती एकदा बरळल्यासारखी म्हणाली, "आला ना ताप? म्हणजे डास खरे होते." तिच्या आवाजात आनंद होता. मला तिला एक चापट मारावीशी वाटली.

दोनेक दिवसांत ताप उतरला. रक्त स्वच्छ झालं. तिनं स्वतःहून वरणभात मागितला.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर अबेना यांनी तिचे आभार मानले. लस लागू पडली का, हे कळायला वेळ लागणार होता. अजून कळलेलं नाही. मी विचारलं, "यांची नावं कुठे लागतात का? त्या व्हर्जिनियातल्या दालनात लागली आहेत तशी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नाव कधीही उघड करणार नाही, असं आम्ही लिहून दिलेलं असतं. प्रज्ञा एक नंबर आहे. शोधनिबंधात तोही नसेल."

"म्हणजे शंभर वर्षांनीसुद्धा कुणी उभं राहून हिचं नाव वाचणार नाही?"

"नाही. तिनंच तसं मागितलं आहे."

परत आल्यावर हे सगळं लिहून काढलं आणि फोनवर तिला वाचून दाखवलं. पिवळ्या तापाच्या पत्रांपर्यंत ती हसत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, छाप हवं तर. पण माझं नाव काढ."

म्हणून ते काढलं आहे. कुंदाकाकूंचंही. माझ्या मुलीचं नाव प्रज्ञा नाही. ते दुसरंच आहे, माझ्या आईनं ठेवलेलं, आणि घरात कुणी नसलं की ते मी एकदा मोठ्यानं म्हणते.